तोंडावर फेकलेला राजीनामा

नोकरी असते तेव्हा माणसाकडे सांगायला काही नसतं. मीटिंग लांबली, बॉस चिडला, लॅपटॉप बंद पडला, संपलं! नोकरी गेली की मात्र किस्से असे साठायला लागतात की बोलायची सोय नाही. आणि ऐकणारेही भेटतात, कारण तेही रिकामेच असतात.

आम्ही तिघं होतो. मी इथल्या पुंगोल भागातली, एका शिपिंग कंपनीत अकाउंट्सला. कंपनीने सगळं अकाउंट्स उचलून दुसऱ्या देशात नेलं, फक्त मला इथे ठेवलं! मेश्राम मूळचे नागपूरचे, राहायला वुडलँड्सला. लॅबमध्ये होते, प्रोजेक्टचे पैसे संपले आणि मेश्रामही संपले. आणि सबनीस, पुण्याचे, माझ्या शेजारच्या ब्लॉकमधले, एका गोदामात सुपरवायझर. तिघंही फार पूर्वीच पासपोर्टचा रंग बदलून इथलेच झालेलो, त्यामुळे नोकरी गेली म्हणून बॅगा भरायची वेळ आली नव्हती. उलट बेकारांना काही महिने थोडे पैसे देणारी सरकारी योजना होती. क्लेम टाकायचा आणि वाट बघायची.

ती वाट आम्ही हौगांगच्या एका कॉफीशॉपमध्ये बसून बघायचो. करिअर सेंटर जवळ होतं आणि तिथला अंकल एका कोपीवर, म्हणजे इथल्या घट्ट कॉफीवर, कितीही वेळ बसू द्यायचा. आमची दुसरी कोपी त्याने कधी पाहिली नाही, पण चेहरे मात्र पाठ झाले होते.

*

पैसे असेच मिळत नाहीत हं! दर महिन्याला पॉइंट्स कमवावे लागतात. नोकरीचा अर्ज टाकला की पॉइंट, कोर्स केला की पॉइंट, करिअर कोचला भेटलं की पॉइंट. पन्नाशीला टेकलेली माणसं आम्ही, पुन्हा दहावीच्या वर्गात जाऊन बसलो.

पहिल्या महिन्यात मी कशीबशी काठावर पास झाले. माझी मुलगी सेकंडरीत आहे. ती माझ्या खांद्यावरून फोनमध्ये डोकावली.

"मा, सो लिटल?"

"पास झालेय ना मी!"

"पास ओन्ली, व्हॉट्स द पॉइंट लाह," कार्टी म्हणाली, "मेश्राम अंकलला किती मिळाले?"

हे वाक्य मी तिला पहिलीपासून ऐकवत आले होते. फक्त त्यात मेश्रामांच्या जागी शेजारची अनन्या असायची.

*

आता सबनीसांचं. सबनीस म्हणजे अगदी सालस माणूस. लिफ्टमध्ये कुणाचा धक्का लागला तर हे सॉरी म्हणणार. पण नोकरी सोडली ती मात्र वाघासारखी! हे आम्हाला कळलं सबनीसवहिनींकडून. वहिनी एका पाळणाघराच्या स्वयंपाकघरात कामाला. हात सढळ आणि तोंड त्याहून सढळ.

पहिल्यांदा त्यांनी सांगितलं ते हळदीकुंकवाला. "ह्यांनी बॉसला स्पष्ट सांगितलं, तुमची पद्धत मला पटत नाही. आणि राजीनामा टेबलावर ठेवला."

पुढे एका बारशात तोच राजीनामा टेबलावरून उडाला. "तोंडावर फेकला हो ह्यांनी! तोंडावर!"

कोजागिरीला मसाल्याच्या दुधाबरोबर आणखी भर पडली. "अख्खं गोदाम बघत होतं. फोर्कलिफ्ट जागच्या जागी थांबल्या!"

बायका नवऱ्यांकडे बघायला लागल्या. एकीने तर आपल्या नवऱ्याला कोपरखळी मारली, "बघा, शिका जरा." सबनीस दुधाच्या पेल्यात मान घालून बसलेले. मी म्हटलं, काय विनम्र माणूस आहे!

*

आमच्या करिअर कोच मिस लिम. वयाने माझ्या भाचीएवढ्या. बाई गोड, पण आम्हाला सुधारायचं त्यांनी फारच मनावर घेतलेलं. "स्वतःबद्दल अर्ध्या मिनिटात सांगा, आणि 'आम्ही' नाही, 'मी' म्हणा!"

मेश्रामांची पंचाईत झाली. "मी केलं, मी केलं, असं कसं म्हणू बाप्पा? आईनं ऐकलं तर चप्पल काढेल."

माझी पाळी आली. मिस लिमनी विचारलं, तुमचा सगळ्यात मोठा गुण कोणता?

"आय ॲडजस्ट."

"व्हेरी गुड! अँड युअर वीकनेस?"

मी पुष्कळ विचार केला. दुसरं काही सुचेचना. "आय ॲडजस्ट," म्हटलं. मिस लिमनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, आज आपण इथेच थांबू या.

*

डोंबिवलीच्या मामाला ही योजना कळली. कुणी सांगितलं देव जाणे. सकाळी सकाळी व्हिडिओ कॉल.

"काय गं, नोकरी नसताना सरकार पैसे देतं म्हणे?"

"हो मामा, पण त्याच्या अटी असतात. अर्ज करावे लागतात, कोर्स करावे लागतात..."

"ते ऐकलं. आमच्या बंटीला तिकडे चिकटव ना कुठेतरी."

"मामा, अरे मलाच नोकरी नाहीये!"

"नोकरी कोण मागतंय? ती त्याला झेपायची नाही. ह्या योजनेतच चिकटव!"

*

आणि मग सबनीसांचा क्लेम नामंजूर झाला.

कॉफीशॉपमध्ये त्यांनी फोन आमच्यापुढे सरकवला. कारण एका ओळीचं: नोकरी स्वतःहून सोडली, म्हणून अपात्र. ज्याला काढून टाकलंय त्यालाच ही मदत.

"बाप्पा!" मेश्राम म्हणाले. "वाघ होणं महागात पडलं तुम्हाला!"

सबनीसांनी चष्मा काढला. पुसला. परत घातला. मग हळूच म्हणाले, "फेकला-बिकला काही नाही हो मी. आत बोलावलं, माणसं कमी करतोय म्हणाले. मीच हात जोडले की कागदावर राजीनामा म्हणून लिहा. लोकांना काय तोंड दाखवू? ते बिचारे तयार झाले. वर निरोपाला केकसुद्धा आणला."

मी चिडलेच. "सबनीस, अहो आम्हाला काय कुणी आरती ओवाळून पाठवलं का? आम्हालाही हाकललंच ना!"

"तुमची गोष्ट वेगळी. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मग उघडा ना मूठ," मेश्राम म्हणाले. "लाख राहू द्या, वरचे काही तरी सरकारकडून मिळतील."

हसण्यावारी नेलं, पण हसण्यासारखं नव्हतं. मुलगा पॉलिटेक्निकला, वहिनींचा पगार तो केवढा, घराचा हप्ता चुकायला लागलेला. हे पैसे आले तर नोकरी मिळेपर्यंत तग धरता येणार होता. नाही आले तर फ्लॅट विकायचा आणि पुण्याला भावाच्या घरी, वहिनींच्या जावेच्या हाताखाली. सबनीसांना त्या विचारानेच कोपी जाईना.

अपील करायचं ठरलं. त्यांनी कंपनीला मेल टाकला की मला काढलं होतं असं कृपया लिहून द्या. तिथे आता नवी बाई होती. तिने नम्र उत्तर दिलं की आमच्याकडे राजीनाम्याची नोंद आहे, आणि सोबत पुरावा म्हणून फोटो जोडला. केक कापणारे सबनीस! इतका हसरा चेहरा त्यांचा मी आयुष्यात पाहिला नव्हता.

"एक विनंती आहे," सबनीस म्हणाले. "हे हिला कळता कामा नये. ती चारचौघांत किती अभिमानाने सांगते."

*

त्याच सुमारास मेश्रामांचेही पैसे अडकले. फॉर्ममध्ये कुठेतरी चुकीच्या जागी टिक केली होती, त्यांनीच. हेल्पलाइनला फोन लावला, संगीत सुरू झालं, आणि फोन स्पीकरवर खिशात ठेवून मेश्राम मला घेऊन मासळी बाजारात शिरले.

तिथल्या मासे विकणाऱ्या आंटीला मेश्राम चांगलेच ठाऊक. रोज पापलेटाचे डोळे बघणार, कल्ले उचलून बघणार, भाव विचारणार, आणि "उद्या बघू" म्हणून निघणार. त्या दिवशीही कल्ला उचलला आणि नेमका खिशातून आवाज आला.

"सर, आर यू ॲक्टिव्हली लुकिंग?"

मेश्राम फोन काढेपर्यंत आंटी ओरडली, "लुकिंग! एव्हरी डे लुकिंग! मॉर्निंग लुकिंग, आफ्टरनून लुकिंग! नेव्हर बाय वन!"

पलीकडे हेल्पलाइनवरच्या मुलाची टकटक ऐकू आली. मग तो मुलगा म्हणाला, "ओके सर. नोटेड."

पैसे आले तेव्हा मेश्रामांनी तिच्याकडून दोन मोठी पापलेटं घेतली. "साक्षीदार असावा तर असा," म्हणाले.

*

सबनीसांना अपिलासाठी भेटायला बोलावलं. इंग्रजीत अडखळू नये म्हणून सोबत मी. ठरल्याप्रमाणे मी एलआरटीच्या, म्हणजे आमच्या छोट्या लोकलच्या, स्टेशनवर पोचले, तर सबनीसांच्या शेजारी वहिनी! इस्त्रीची साडी, खांद्याला पर्स.

"मी पण येणार," वहिनी म्हणाल्या. "बोलावणं मीही वाचलंय. फ्लॅट माझाही आहे."

सबनीसांचा चेहरा असा झाला की मला वाटलं आता ह्यांनाच धरून न्यावं लागणार.

ऑफिसर तरुण होता, अगदी अदबीने बोलणारा. त्याने कागद चाळला आणि सरळ विचारलं, "मिस्टर सबनीस, इथे राजीनामा लिहिलंय. तुम्ही नोकरी सोडलीत, की तुम्हाला काढलं?"

सबनीसांनी तोंड उघडलं. वहिनींकडे बघितलं. तोंड मिटलं.

त्याने पुन्हा विचारलं. सबनीस टेबलाकडे बघत बसले. मी टेबलाखालून पाय मारला, तरी शब्द नाही. मनात म्हटलं, बोला हो, एक वाक्य बोला, घर हातातून चाललंय तुमचं! पण तो माणूस बायकोसमोर ते वाक्य बोलणार नव्हता, घर गेलं तरी.

"कॅन आय टॉक?" वहिनी म्हणाल्या.

पाळणाघरात शिकलेलं त्यांचं इंग्रजी, पण एक शब्द अडला नाही. त्यातलं सगळं मी मराठीतच सांगते.

"हा माणूस राजीनामा देईल? साहेब, लग्न झाल्यापासून हा बाजारातून सडके टोमॅटो आणतो आणि परत द्यायला मला पाठवतो. ज्याला टोमॅटो परत देता येत नाही तो नोकरी परत देईल? काढलं ह्याला. त्या दिवशी घरी आला तो सरळ बाथरूममध्ये गेला आणि नळ सोडला, मला रडणं ऐकू येऊ नये म्हणून. मी दाराबाहेरच बसले होते. बाहेर येऊन म्हणाला, मी राजीनामा दिला. मी म्हटलं, छान केलंत. पोहे खाणार?"

सबनीस बायकोकडे असे बघत होते, जशी ती आजच पहिल्यांदा दिसली.

"कंपनीत तेव्हा तुमचे मॅनेजर कोण होते?" ऑफिसरने विचारलं. "मी त्यांना थेट विचारतो."

त्याने विचारलं. मॅनेजरने खरं काय ते सांगून टाकलं, आणि अपील मंजूर झालं. पण ते पुष्कळ दिवसांनी. मला सांगायचंय ते त्याच दुपारचं, परत येतानाचं.

एलआरटीत आम्ही तिघं ओळीने बसलो होतो. मी मध्ये. नवराबायको दोन बाजूंच्या दोन खिडक्यांतून बाहेर बघतायत. एका स्टेशनवर जोशीबाई चढल्या. नव्यानेच पुंगोलला आलेल्या, उत्साही, कडेवर मूल.

"अय्या, सबनीसकाका ना तुम्ही? तुम्ही नोकरी सोडलीत म्हणे?"

मी माझ्या चपलांकडे बघायला लागले.

"सोडली?" वहिनी ताठ बसल्या. "तोंडावर फेकला राजीनामा ह्यांनी! अख्खं गोदाम बघत होतं. फोर्कलिफ्ट थांबल्या, वरचा क्रेनवाला खाली उतरला!"

क्रेनवाला मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"बापरे!" जोशीबाईंचे डोळे मोठे झाले. "मग बॉस काय म्हणाला हो?"

इतक्या हळदीकुंकवांत आणि बारशांत हे कुणी विचारलंच नव्हतं. वहिनी पहिल्यांदा अडल्या. माझ्याकडे बघितलं.

आणि सबनीसांनी मान वर केली.

"म्हणतो काय!" ते म्हणाले. "बाथरूममध्ये गेला, नळ सोडला आणि रडला बिचारा."

"अगंबाई! मग?"

"मग काय," वहिनी खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "बाहेर आला आणि दोन बशा पोहे खाल्ले."