आतली दोरी

आमच्या बाल्कनीत कपडे वाळत घालायच्या दोन दोऱ्या आहेत. बाहेरच्या दोरीवर माझे पांढरे, राखाडी शर्ट असतात आणि आतल्या दोरीवर, टॉवेलांच्या आड, सुधीरचे जांभळे, फुलाफुलांचे. सुधीर गेली तीस वर्षं माझा जोडीदार. सोसायटीच्या लेखी भाडेकरू. तो राहायला आला तेव्हा मीच म्हणालो होतो, "तुझे आत घाल, उन्हात रंग विटतो." तेव्हापासून तो आतच घालत आला.

आज सकाळी त्याने जुना मोरपंखी शर्ट अंगाला लावून आरशात पाहिलं, पोट आत ओढलं आणि हसला. "साठीत शोभतं का रे हे?"

"शोभतं की. घाल ना."

"बघ, अजून नव्यासारखा आहे. तुझे सगळे विटले."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते लागलं. शर्टांचा रंग टिकला. ते मिरवायची वर्षं मात्र गेली, आणि ती मी घालवली.

"कपाटाचा वास येतोय त्याला, जरा ऊन दाखवतो," म्हणत मी शर्ट घेऊन बाल्कनीत गेलो. आयुष्यात पहिल्यांदाच तो बाहेरच्या दोरीवर टाकला. पण टाकण्याआधी समोरच्या इमारतीच्या खिडक्यांत कुणी उभं नाही ना, ते पाहून घेतलं.