आप्पांच्या गाडीला काय गुंडाळायचं?

बाळूच्या गॅरेजात जुन्या नटबोल्टांचा एक डबा आहे. कुणी मुद्दाम भरत नाही, तरी तो कायम भरलेलाच! आमच्या रविवारच्या बैठकीतले किस्सेही असेच साठलेत. हे सगळे यंदाच्या उन्हाळ्यातले, एकाच गाडीचे.

गाडी म्हणजे जुनी मोटारसायकल, बाळूच्या वडिलांची, आप्पांची. आप्पांना मोतीबिंदू. चिकोडीचे डॉक्टर म्हणाले, आता उशीर केलात तर अवघड आहे. आणि आप्पांचा हट्ट एकच. "जाईन तर माझ्या गाडीवरनं. न्हायतर न्हाय!"

गाडीचं वायरिंग उंदरांनी कुरतडलेलं. बाळूनं नव्या वायरींचा जुडगा तयार केला. त्या जुडग्यावर गुंडाळायचं काय, एवढंच राहिलं होतं. तेवढ्यात आमचे पाच रविवार गेले. माझं काम चहा सांगणं आणि न विचारता सल्ला देणं.

*

पहिल्या रविवारी बाळूनं साधी चिकट टेप गुंडाळली. काळीकुळकुळीत, चकचकीत! "बघा, कंपनी फिटिंग!" असं म्हणून त्यानं जुडगा उन्हात बाकड्यावर ठेवला आणि चहाला गेला.

निपाणीचं एप्रिलमधलं ऊन. टेपचा गोंद पाझरायला लागला. तेवढ्यात मास्तर आले. मास्तर म्हणजे चित्रकलेचे रिटायर्ड शिक्षक. पांढरीशुभ्र पँट घालून नेमके तिथंच बसले. उठले, तर वायरिंगही उठलं.

"मास्तर," बाळू ओरडला, "वायरिंग घेऊन चाललाय, मग गाडीबी न्या की!"

*

मास्तरांनी ते मनाला लावून घेतलं. पुढच्या रविवारी मेडिकलमधून सुती पट्टीचे रोल घेऊन आले. "कापड म्हणजे कसं, हवा खेळते!" चित्र काढावं तशी मन लावून त्यांनी ती गुंडाळली. दिसायला सुरेख, खोटं कशाला बोलू!

आप्पा काठी टेकत आले. दिसत नसल्यानं त्यांनी जुडग्यावरून हात फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग आवाज खाली आणून विचारलं, "कुणाचा पाय मोडला रं?"

*

मग शिवानंदची पाळी. हा इलेक्ट्रिशियन. घरात कन्नड, पण मराठी आमच्याहून फास्ट! त्यानं गरम केल्यावर आवळणारी नळी आणली आणि बायकोचा हेअर ड्रायर. नळी अशी घट्ट बसली की आम्ही टाळ्या वाजवल्या.

"झ्याक! पण हॉर्नची वायर कुठाय?" बाळूनं विचारलं.

शिवानंदनं नळीवरून बोट फिरवलं. मान खाली घातली. "आत."

"म्हंजे आता हॉर्न पोटातल्या पोटात वाजवायचा व्हय?"

नळी चिरावी लागली.

*

वायरी पुन्हा चुकायला नकोत म्हणून मास्तरांनी प्रत्येकीला मराठीत चिठ्ठी लावली. शिवानंदनं त्याच वायरीला कन्नडमध्ये लावली. मास्तरांनी त्यांची जरा मोठी केली. मग शिवानंदनंही केली. संध्याकाळपर्यंत जुडगा मांडीएवढा जाड!

बाळूनं दोनदा दाबून बघितला आणि सगळ्या चिठ्ठ्या ओरबाडून काढल्या. "तुमचा सीमाप्रश्न माझ्या टाकीखाली मावंना झालाय!"

*

शेवटी शिवानंदनं बेळगावहून बिनगोंदाची मऊ टेप आणली, जुन्या गाड्यांना असायची तसली. वितळत नाही, चिकटत नाही. पण टोकंही धरत नाही!

सुशीलाआक्का दारातून बघत होती. बाळूची थोरली बहीण. आई गेल्यापासून बिड्या वळून हे घर तिनंच ओढलं. आम्ही सगळे तिला जरा भिऊन असतो आणि तिच्यावर आमचा जीवही आहे.

"सरका," ती म्हणाली. बिडी बांधायचा दोरा घेतला, दुहेरी केला, मेणबत्तीवर घासला आणि वायरीला जिथं जिथं फाटा फुटतो तिथं गाठ मारत सुटली. बोटं दिसेनात! आम्ही ओढून बघितलं. एक गाठ हलेल तर शपथ.

मग उरलेलं टोक शिवानंदला दिलं. त्यानं बांधलेलं तिनं उलटंसुलटं करून बघितलं आणि बाजूला टाकलं. "छाट!"

कारखान्यात चेकर नापास बिडीला छाट म्हणतो. आक्कानं तो शब्द आयुष्यभर ऐकला होता. त्या दिवशी तिनं तो तीनदा वापरला आणि दर वेळी जास्त खूश दिसली.

*

गाडी तिसऱ्या किकला सुरू झाली. हॉर्न वाजला. हेडलाइट मात्र लागेना! बाळूचं तोंड एवढंसं झालं. "आप्पा, दोन दीस थांबूया."

आप्पा आधीच मागं बसलेले. "दिवसाढवळ्या लाइट कशाला? आन् मला तर तसंबी दिसत न्हाय. चल!"

*

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढायची म्हणून आम्ही सगळे चिकोडीला गेलतो. बाळूनं गाडी दवाखान्याच्या दारात लावली आणि आप्पांना वायरिंग दिसावं म्हणून टाकी उतरवून ठेवली. मास्तरांनी सगळं रुमालानं पुसलं.

काळा चष्मा लावून, आक्काचा हात धरून आप्पा बाहेर आले.

"आप्पा, बघा की!" बाळूला दम निघेना. "वायरिंग बघा!"

आप्पांनी चष्मा जरासा वर केला. गाडीकडं बघितलंच नाही. हात धरून उभ्या असलेल्या आक्काकडं बघत राहिले.

"सुशे, तुझं केस कवा पांढरं झालं गं?"

आक्कानं पदर डोक्यावर ओढून घेतला.

"आज सकाळी, आप्पा."