नोटरी केलेली परवानगी

पोलीस खात्याच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण निवृत्तीला पाच महिने उरले असताना इस्लामपूरच्या बाजूच्या ठाण्यात माझ्याकडे आलेला एक तक्रार अर्ज अजून मनातून जात नाही. त्यात चोरी झाली होती की नाही, हेच मला आठ दिवस कळत नव्हते.

अर्ज एका परदेशी व्हिडिओ गेम कंपनीच्या वकिलांचा होता. आमच्या हद्दीतील चोवीस वर्षांचा एक तरुण कंपनीच्या खेळातील किल्ले, सरदार आणि लढाया चित्रित करून, त्यांना मराठी संवाद घालून इंटरनेटवर मालिका दाखवतो, जाहिराती घेतो आणि त्याला परवानगी नाही, अशी तक्रार. सोबत कंपनीच्या अटींची प्रत होती. मालिकेसाठी लेखी परवानगी आवश्यक, असे त्यात स्वच्छ लिहिले होते. कॉपीराइट कायद्याखाली गुन्हा नोंदवून संगणक जप्त करावा, ही मागणी.

योगायोग असा की, त्याच तरुणाचा चारित्र्य पडताळणीचा अर्ज माझ्याच टेबलावर होता. जिल्हा परिषदेत नोकरीसाठी त्याची निवड झाली होती. गुन्हा नोंदला असता, तर पडताळणीत तो लिहावा लागला असता आणि नोकरी अडकली असती. उपअधीक्षकांची परवानगी घेऊन मी आधी प्राथमिक चौकशी लावली. त्यासाठी कायदा चौदा दिवस देतो.

हवालदाराच्या मोबाईलवर मी सगळे भाग पाहिले. चिलखत घातलेला परदेशी किल्लेदार म्हणत होता, "तोफ फुटली तर फुटू दे गड्या, वैरण भिजाया नगं." ठाणे अंमलदार हसला. मीही हसलो आणि मग मुद्देमालावर हसल्याचा मला रागच आला.

तरुण वडिलांसह हजर झाला. वडील सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार. खुर्ची दिली तरी उभेच.

"किल्लेदाराचा आवाज कोणाचा?" मी विचारले.

वडीलच म्हणाले, "माझा हाय, सायेब."

"म्हणजे तुम्हीही आरोपी होऊ शकता."

"व्हय. मग माझंच नाव लिवा की. मला आता कुठं नोकरी लागायचीय?"

तरुण म्हणाला, "साहेब, मी अटी वाचूनच सुरुवात केली. मालिका करायला मोकळीक होती."

हवालदाराने कंपनीचे पान उघडून त्याच्यापुढे धरले. तक्रारीतला मजकूर शब्दशः तिथे होता. खोटे बोलणारा माणूस अशा वेळी नजर चुकवतो. हा तरुण पान वरखाली करत राहिला, आपल्याच गल्लीत घर सापडत नसल्यासारखा. "हे ते पान नाही," एवढेच तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सुभेदार आपल्या काळ्या ट्रंकेतला कागदांचा गठ्ठा घेऊन आले. आमच्या भागात बैल घ्या नाहीतर बांधाचा वाद मिटवा, स्टॅम्प पेपर आणि नोटरी झाल्याशिवाय गोष्ट खरी होत नाही. मुलाने काम सुरू केले, तेव्हा त्यांनी त्या अकरा पानी अटी छापून घेतल्या, वर स्टॅम्प पेपर लावला, नोटरीचा शिक्का घेतला आणि पानन् पान लॅमिनेट केले.

"सुभेदार, यावर कंपनीची सही कुठे आहे?"

"नोटरीची हाय की."

त्यांची समजूत साफ चुकीची होती. नोटरीच्या शिक्क्याने कंपनी बांधली जात नाही. पण त्या शिक्क्यावर तारीख होती. हवालदाराला पाठवून नोटरीची नोंदवही तपासली, नोंद जुळली. त्या तारखेच्या अटींत मालिका करायला आणि जाहिराती घ्यायला स्पष्ट मुभा होती. अटी नंतर बदलल्या होत्या.

मी वकिलांना बोलावले. "बदल याला कळवला होता?"

"संकेतस्थळावर टाकला होता. याच जुन्या अटींत नवव्या पानावर तशी तरतूद आहे."

लॅमिनेट केलेले नववे पान वाचले. कंपनी कधीही अटी बदलील आणि खेळ वापरत राहणे हीच संमती मानली जाईल, असे तिथे होते. चाळीस रुपयांची पावती बदलायची तरी दुकानदार गिऱ्हाइकाला सांगतो. माझा संताप झाला; पण संताप हा पुरावा नव्हे. कायद्यातला शब्द 'जाणीवपूर्वक' असा आहे आणि जाणीव सिद्ध करणारा एकही कागद वकिलांकडे नव्हता. फौजदारी गुन्हा दिसून येत नाही, अर्जदाराने दिवाणी न्यायालयात दाद मागावी, असा अहवाल मी पाठवला.

मालिका मात्र वाचली नाही. त्याच आठवड्यात कंपनीने व्हिडिओ दाखवणाऱ्या संकेतस्थळाला एक ईमेल केला आणि सगळे भाग तिथून काढले गेले. अडीच वर्षांचे काम. त्याला पोलीस लागले नाहीत, नोटरीही लागला नाही. अटी बदलल्या तर कळवणे सक्तीचे करा, अशी चार पत्रे मी आजवर संबंधित मंत्रालयाला लिहिली आहेत. पत्र योग्य विभागाकडे पाठवल्याचे एक उत्तर आले. तोवर दुसऱ्याच्या खेळावर आपले काम उभारणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच: अटींची तारखेसह प्रत ठेवा, दर महिन्याला पान पुन्हा उघडा आणि अटी बदलण्याचा हक्क कोणाकडे आहे, ते सर्वांत आधी वाचा.

पडताळणीचा दाखला न्यायला सुभेदार मुलाबरोबर आले. दाखला हातात घेऊन त्यांनी तो सावकाश वाचला. उलटून मागची कोरी बाजूही पाहिली.

"सायेब, ह्यो बदलणार न्हाई न्हवं?"

"खाली माझी सही आहे. बदलायचा झाला, तर आधी तुम्हाला कळवावे लागेल."

"मग लॅमिनेट करत न्हाई," ते म्हणाले आणि दाखल्याची घडी घालून खिशात ठेवली.