खिळा कोण धरणार?

शेडमध्ये भांडण पेटल्याची बातमी आली की मारोतराव मुकादम आधी विडी विझवत, मग टोपी सरळ करत आणि मग एकच प्रश्न विचारत, "जास्त कोन वरडला?" सुरुवात कोणी केली, चूक कोणाची, कोणाच्या खानदानाचा उद्धार झाला, यातलं काहीही त्यांना ऐकायचं नसे. जास्त ओरडणाऱ्याच्या हातात ते एक खिळा देत आणि दुसऱ्याच्या हातात हातोडी. "करा आता दोघं मिळून पेटी बंद," असं म्हणून विझवलेली विडी पुन्हा पेटवत आणि निवांत बघत बसत.

पांढुर्ण्याच्या त्या संत्रा-शेडमध्ये मी बाबू म्हणून लागलो तेव्हा ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. आमचं घर सौंसरचं, वडील मास्तर, त्यामुळे माणसं भांडली की त्यांना बाकावर उभं करतात एवढंच मला ठाऊक. इथे गावोगावहून बैलबंड्या आणि ट्रक भरून संत्री यायची. बाया छाटणी करायच्या, पॅकर लाकडी पेटीत तणस घालून फळं रचायचे, खिळेवाले वर फळ्या ठोकायचे, आणि काट्यावर वजन झालं की पेटी दिल्लीच्या वाटेला लागायची. तणसाची धूळ नाकात, सालीचा वास हाताला आणि शिव्या हवेत. चार माणसं एकत्र आली की शब्दाला शब्द लागायचाच.

आमच्या सेक्रेटरीसाहेबांची भांडण मिटवायची रीत वेगळी होती. ते भांडणाऱ्याची बदली रामाकोन्याच्या खरेदी केंद्रावर करत. त्या केंद्रावर एक आंब्याचं झाड होतं आणि त्याखाली एक बाज. ही शिक्षा आहे असं साहेबांना शेवटपर्यंत वाटत राहिलं. उन्हाळा जवळ आला की शेडमधली अत्यंत सज्जन माणसंही अचानक एकमेकांची गचांडी धरू लागायची, ती का, हे त्यांना कधी उमगलं नाही.

मारोतरावांचा खिळा मी पहिल्यांदा पाहिला तो गुलाब आणि परसराम यांच्या वेळी. परसराम पॅकर. पेटीत फळं शिगेला भरायची त्याला खोड. गुलाब खिळेवाला. शिगेच्या पेटीवर फळी बसत नाही, खिळा वाकडा जातो आणि बोलणी त्याला बसतात. एका सकाळी गुलाबनं वाकलेला खिळा परसरामच्या अंगावर फेकला, परसरामनं फळी उचलली, आणि बाया संत्री टाकून भिंतीला लागल्या.

"जास्त कोन वरडला?" मारोतराव.

"हाच!" दोघांनी एकमेकांकडे बोट केलं.

"परश्याच वरडला," छाटणीवाल्या कौसल्याबाईंनी निकाल दिला. कौसल्याबाई शेडमधल्या सगळ्यात जुन्या. त्यांच्या निकालावर अपील नव्हतं.

परसरामनं फळीवर खिळा धरला. ज्याच्यावर तो दोन मिनिटांपूर्वी धावून गेला होता, त्याच्या हातात हातोडी होती. परसरामच्या कपाळावर घाम फुटला. पण खरी गंमत गुलाबची. अख्खं शेड बघतंय, बोटावर बसली तर मुद्दामच मारली असं सगळे म्हणणार, म्हणून तो खिळ्याला नुसता गोंजारत होता. इतक्या प्रेमानं कोणी कोणाच्या डोक्यावर हात फिरवत नाही.

"अबे, मार ना जोरात," शेवटी परसरामच म्हणाला. "असा तर उद्यापर्यंत नाही जात खिळा."

"तू हात नोको हालवू ना मंग."

"हालवून कोन राहिलं? तूच थरथरून राहिला!"

तिसऱ्या पेटीपर्यंत दोघं एकमेकांना डावं-उजवं सांगत होते, आणि दुपारी पेटी भरताना परसरामनं वरचं एक फळ काढून ठेवलेलं मी पाहिलं. मारोतराव माझ्याकडे बघून म्हणाले, "बाबूजी, रागाले बसाले जागा द्या. हाकलू नोका, थो मागच्या दारानं येते. पन चाय नोका पाजू. चाय पाजली का मुक्कामालेच राहते."

एवढा शहाणा माणूस. आणि त्यांचा स्वतःचा राग आमच्या शेडमध्ये कित्येक वर्षं मुक्कामाला होता, रोज चहा पीत होता.

वजनकाट्यावर रामकृष्णजी बसायचे. मुकादमांच्या खुर्चीपासून हाताच्या अंतरावर. या दोघांत बोलणं नव्हतं. पेटी काट्यावर चढवायची तर मारोतराव मला म्हणत, "बाबूजी, त्यायले सांगा, घ्या म्हना." रामकृष्णजी मला म्हणत, "त्यायले सांगा, घेतली म्हना." दोघांना दोघांचं लख्ख ऐकू यायचं. मी मध्ये फक्त मान इकडून तिकडे वळवायचो, आणि संध्याकाळी माझी मान दुखायची.

भांडणाचं कारण मला कौसल्याबाईंनी सांगितलं. मारोतराव राहायचे पांढुर्ण्यात, रामकृष्णजी नदीपलीकडे सावरगावात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात गोटमार होते. मधोमध रोवलेल्या पळसाच्या झाडावरच्या झेंड्यासाठी या काठावरून पांढुर्णा आणि त्या काठावरून सावरगाव दगड मारतं. तरुणपणी दोघंही त्यात असत. एका वर्षी रामकृष्णजींचा दगड मारोतरावांच्या गुडघ्यावर बसला आणि ते जन्माचे लंगडे झाले.

"त्याचा राग धरला होय?" मी विचारलं.

कौसल्याबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की सौंसरच्या शाळांवरचा त्यांचा विश्वासच उडाला असावा. "दगडाचा राग कोन धरते, बाबूजी? नदीतलं नदीत राह्यते. दुसऱ्या दिवशी हा रामकृष्ना त्यायच्या घरी गेला आन् हात जोडून माफी मागू लागला!"

"मग चांगलंच केलं ना?"

"काय चांगलं? गोटमारीच्या दगडाची माफी मागते का कोनी? माफी मागतली म्हंजे दगड नेम धरून मारला, मनात काही होतं, असाच अर्थ निंघते ना!"

बाजेवर पडल्या पडल्या मारोतरावांनी हाच अर्थ काढला होता आणि रामकृष्णजींना दारातूनच परतवून लावलं होतं. गुडघा त्यांनी केव्हाच माफ केला होता. किंबहुना त्या लंगडीचा त्यांना अभिमान होता, नव्या माणसाला ते स्वतःहून सांगत, "हे सावरगावचं काम आहे, पक्कं आहे." ती माफी मात्र त्यांना माफ करता आली नाही.

मग मारोतरावांचं वय झालं. नागपूरचा मुलगा त्यांना कायमचं न्यायला येणार होता. सीझन संपत आला तसे रामकृष्णजी काट्यावर गप्प गप्प बसू लागले. म्हणजे आधीही गप्पच होते, पण आता वेगळे गप्प. एका दुपारी मला म्हणाले, "बाबूजी, हा मानूस चालला जाईन. मी कोनाशी न बोलता बसू मंग? दुसऱ्या कोनाशी न बोलनं जमन का मले?"

मला आधी हसू आलं. मी मारोतरावांकडे विषय काढला. त्यांनी विडीचा झुरका घेतला. "त्यायले सांगा, काटा पुसून ठेवा म्हना. धूळ बसली."

शेवटच्या दिवशी हार झाला, नारळ झाला, सेक्रेटरीसाहेबांनी भाषणात त्यांचं आडनाव चुकवलं. मुलगा बाहेर रिक्षा थांबवून उभा. तेवढ्यात कौसल्याबाई पदर खोचून पुढे आल्या. त्यांच्या मागे गुलाब आणि परसराम एक भरलेली पेटी घेऊन.

"मुकादमजी," कौसल्याबाई म्हणाल्या, "इतके वर्ष तुमी दोघं भांडून राहिले. जास्त कोन वरडलं?"

माफी मागायला आलेल्या माणसाला दारातून हाकलताना कोण ओरडलं होतं, हे अर्ध्या पांढुर्ण्यानं तेव्हा ऐकलं होतं.

मारोतराव लाल झाले. "मी मुकादम आहो इथला!"

"होते," कौसल्याबाई म्हणाल्या. "आता नारळ घेतला तुमी. धरा खिळा."

ते उठून चालते होतील असं मला वाटलं. मुलानं बाहेरून हाक मारलीही. पण आपल्याच कायद्यातून पळणं त्यांना जमेना. लंगडत आले, पेटीपाशी बसले, दुखरा गुडघा लांब केला आणि फळीवर खिळा धरला. गुलाबनं रामकृष्णजींच्या हातात हातोडी दिली. जन्मभर काटा धरलेला माणूस तो. हातोडी त्यानं कशाला धरली असेल?

पहिला घाव फळीवर पडला. दुसरा हवेत. तिसरा थेट मारोतरावांच्या अंगठ्यावर.

बायांनी तोंडाला पदर लावले. मारोतरावांनी आवाज केला नाही, पण डोळ्यांत पाणी आलं. रामकृष्णजींचा चेहरा पांढराफटक. हातोडी खाली पडली, दोन्ही हात जोडण्यासाठी वर आले, ओठ उघडले. माफीचा शब्द जिभेवर आलेला मला दिसत होता. आणि मारोतराव त्यांच्याकडे टक लावून बघत होते. डोळ्यांत पाणी, पण डोळे म्हणत होते, बोल, बोल एकदा, मग बघतोच.

रामकृष्णजींनी ओठ मिटले. हात खाली घेतले. हातोडी उचलली आणि खेकसले, "खिळा नीट धरता नाही येत काय हो तुमाले? मुकादमकी कशी केली इतके वर्ष?"

मारोतरावांनी अंगठा तोंडात घातला, बाहेर काढला, आणि त्यांचा चेहरा असा फुलला की तसा तो हार घालतानाही फुलला नव्हता.

"आत्ता शिकला लेकाचा!" ते म्हणाले. मला नाही, सरळ रामकृष्णजींना. "मार आता दुसरा. हा पाह्य, धरला."

त्यांनी पेटी पुरी बंद केली. मुलगा बाहेर चिडला होता, पण त्याला कोणी विचारलं नाही. रिक्षात बसताना भेटेल त्याला मारोतराव सुजलेला अंगठा दाखवत होते आणि सांगत होते, "हेही सावरगावचंच काम आहे."