काकांनी समुद्र हलवला तेव्हा

आख्ख्या जालना जिल्ह्यात समुद्राची काळजी वाहणारा एकच माणूस आहे, आणि तो माझा घरमालक आहे. काकांच्या तीन पिढ्या मेंढ्यांमागे माळ तुडवत गेल्या. काकांनी मात्र बैठकीत खाऱ्या पाण्याची काचपेटी मांडली आणि तीत प्रवाळाचे दगड अन् पाच मासे पाळले. मेंढरं मोजावीत तसे ते दिवेलागणीला मासे मोजतात. दगडाआड कुणी दडलं, की "हर्रर्र, चल भाईर!" बहिणीकडे जाफराबादला गेले तरी फोन येतो, "पाच भरले का?" चार म्हटलं, तर तिकडे जेवत नाहीत.

मी सातवीत शाळा सोडलेला, रत्नागिरीकडचा, इथे कारखान्यात लागलेला. एकट्या माणसाला खोली द्यायला कुणी तयार नव्हतं. काकांनी फक्त गाव विचारलं. "समुद्रकाठचा? मंग राहा की!" माशांबद्दलचं माझं ज्ञान कालवणापाशी थांबतं, हे सांगायचा धीर झाला नाही. दर रविवारी काका पाण्यात मीठ कालवतात, खारटपणा यंत्राने मोजतात, आणि तरीही चमचाभर माझ्यापुढे धरतात. मी डोळे मिटून चव घ्यायची आणि गंभीरपणे म्हणायचं, "बराबर."

मग मोठी पेटी आली. मासे आणि दगड जुन्याच पाण्यात, बादल्यांत काढले. उपकाराची थोडी फेड म्हणून मी जुन्या पेटीतली वाळू नळाखाली तांदळासारखी धुतली, पांढरीशुभ्र. काका पाहून खालीच बसले.

"अरे बाबा, त्या मळातच पेटीचा जीव व्हता! मासे जगतेल का आता?"

मला वाटलं, मासेही गेले, खोलीही गेली. तोंडातून खरं निघून गेलं, "काका, मला माशांतलं फक्त खायला कळतं."

"ते मला पैल्या चमच्यालाच कळल्तं." त्यांनी कोपऱ्यातला तांब्या उचलला. त्यात जुन्या पेटीतली, आधीच काढून ठेवलेली मूठभर न धुतलेली वाळू होती. "बाप मेंढरांचं वाडगं हलवताना जुन्या वाडग्यातल्या मूठभर लेंड्या नव्यात टाकायचा. जनावराला घर वळखू आलं पायजे."

ती मूठ त्यांनी नव्या पेटीत पसरली, त्यावर दगड रचले, मासे सोडले. दोन दिवस चारच भरत होते. मी कामावरून धावत यायचो. तिसऱ्या संध्याकाळी "हर्रर्र"ला पाचवा बाहेर आला, आणि काका दोन दिवसांनी पोटभर जेवले.

"काका, माहीत होतं तर मग दर रविवारी चमचा कशाला?"

"तूबी मूठभर काई आणलं नव्हतंस ना घरून," ते ताटाकडे बघत म्हणाले.

चमचा अजून पुढे येतो. मी डोळे मिटतो, जरा जास्तच वेळ. मग म्हणतो, "बराबर."