मायच्या चेहऱ्याचं नाणं

शेठनं चांदी पारखायला मायच्या माळेतला एक चांदीचा रुपया छिन्नीखाली धरला आणि हातोडी मारली. रुपयावरच्या राणीचा चेहरा नाकापासून हनुवटीपर्यंत चिरला.

आम्ही भिल्ल. आमची चांदी बाईच्या गळ्यात असते. मला धुळ्यात शिकायला ठेवायचं म्हणून माय आजीची माळ विकायला आली होती. आम्ही दोघी दुकानाच्या पायरीवर उकिडव्या. बाकीची गिऱ्हाईकं गादीवर चहा पीत होती. त्यांच्या चांदीला कुणी छिन्नी लावली नाही.

माय ओरडली, "तोडू नका शेठ! हाई मन्ही मायनी माळ शे."

शेठ म्हणाला, "राणीचं तोंड चिरलं तर तुला का दुखतं गं? तुझं थोडंच आहे? तुम्हा लोकांचं तोंड नाण्यावर कोण छापेल? चांदी काळी पडेल!"

गादी हसली. तोंडावर पदर धरून मायही हसली. ते हसणं मला अजून खुपतं. 'खोट आहे' म्हणत शेठनं चिरलेला रुपया पायरीवर टाकला. मी उचलला.

धुळ्यात शाळा झाली. धंदा शिकले जळगावात, चांदीच्या कारखान्यात पॉलिश करताना. मग बाजारात पथारी, मग स्वतःचं दुकान. नोटा रोज हाताखालून जातात. मागे भाषांची रांग छापलीय; तिच्यात मायची बोली नाही. राणी गेली, आपलं राज्य आलं, आमचं तोंड नाण्यावर काही आलं नाही. सरकारची वाट बघत बसणं माझ्या स्वभावात नाही. मी माळेत ओवायच्या चांदीच्या नाण्याचा ठसा करवून घेतला. मायचा चेहरा, कपाळावरचं गोंदण. मागे फक्त वजन. रुपया लिहिला असता तर तुरुंग होता.

होळीआधी भरणाऱ्या आमच्या भोंगऱ्या बाजारात बाया त्या नाण्यांवर तुटून पडल्या. शेजारी राणीची नकली नाणी तशीच पडून राहिली. ती त्याच शेठची होती.

महिन्याभरात त्याचा फोन आला. "ताई, नमुना दाखवाल?"

गेले. गादीवर बसले. म्हाताऱ्यानं मला ओळखलं नाही. चांदी तपासायचं मशीन शेजारीच होतं. तरी नाण्यावरचा चेहरा बघताच त्याचा हात छिन्नीकडे गेला.

मी मनगट धरलं. "मशीनवर लावा."

"सवय हो, ताई. यांच्या मालाला..."

"यांच्या म्हणजे कोणाच्या?"

मी चिरलेला रुपया त्याच्यासमोर ठेवला. त्यानं तो बघितला. मग मला.

"भाव तुम्ही म्हणाल तो," तो हळू म्हणाला. "फक्त चेहरा बदला. लक्ष्मी टाका."

"भावात घासाघीस करू, शेठ. चेहऱ्यात नाही. नाणी दर्शनी कपाटात लागतील. आणि दिवाळीला तुमच्या पूजेच्या ताटात यातलं एक."

"भिल्लिणीची पूजा करू?"

निघालंच तोंडातून.

मी दोन्ही नाणी उचलली. त्याच्या समोरचा गाळा रिकामा होता. दुसऱ्या दिवशी घेतला. वर मायचा चेहरा लावलाय, दारभर मोठा. दिवाळीला तो पूजेला बसेल तेव्हा मान वर केली की मायच दिसेल. शिंदखेडा, जामनेर, फैजपूर, एकही बाजार सोडणार नाही. त्याची नकली राणी जिथे मांडली जाईल तिथे शेजारी माझी माय बसेल. राणी गोण्यांत भरून तो परत नेईपर्यंत मी उठणार नाही.