जतन न झालेलं मशीन
मी काही लिहिणारा नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला, तेव्हा चुकलं तर माफ करा. पण खर्र्याचा, म्हणजे सुपारी-तंबाखू घोटून केलेल्या मिश्रणाचा, वास आला की मला अजून कॉलेजातली लॅब आठवते. कापसाला भाव नव्हता त्या वर्षांत मी यवतमाळला शिकत होतो. लॅबमधल्या मोठ्या कम्प्युटरच्या पोटात आम्हा प्रत्येकाचं एकेक आभासी मशीन, म्हणजे कम्प्युटरच्या आतला वेगळा कम्प्युटरच, चालायचं. वर्गातल्या एका मैत्रिणीचा प्रोजेक्ट तिच्या मशीनवर दोन दिवसांपासून चालू होता आणि त्या दुपारी त्याच प्रोजेक्टची तिची परीक्षा होती. खर्रा घोटत लॅबचे सर आले, कम्प्युटर हळू चालतो म्हणाले आणि रीस्टार्ट करायला बसले. मी चाचरत म्हणालो, "सर, आधी आमची मशीनं आहेत तशी जतन करू द्या, म्हणजे नंतर तिथूनच सुरू होतील." सर कोपऱ्यात थुंकले. "गावात बापाचा कापूस वाचून नाही राह्यला, अन् तू मशीन वाचवून राह्यला?" त्यांनी रीस्टार्ट दिलाच. तिचं सगळं काम पुसलं गेलं आणि ती नापास झाली. निकालानंतर लॅबच्या सहायकाकडून कळलं, की त्याच कम्प्युटरवर सरांचंही एक मशीन होतं. बंद होताना ते तेवढं आपोआप जतन व्हावं, अशी सोय त्यांनी करून ठेवली होती, आणि त्या दिवशी त्यांचा पत्त्यांचा डाव थांबला होता तिथूनच पुढे सुरू झाला.